अक्काला दिलेल्या गोळ्या

माझी थोरली बहीण आता गळ्यात माळ घालत नाही. ती माझ्यामुळं उतरली. चाकूरकडच्या तिच्या सासरच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इथं मी काही गुपित फोडत नाही. फक्त गावात जे सांगतात ते मला जरा सोयीचं आहे. ते म्हणतात, मास्तरकडून चुकून झालं. चुकून झालं नव्हतं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या संशोधनाचा विषय सांगायला सोपा आहे. झाडांच्या पानाफुलांत काही पदार्थ असतात, जे शरीरात उपद्रव करणाऱ्या कणांना निष्प्रभ करतात असं मानतात. अँटिऑक्सिडंट. हा शब्द हल्ली बिस्किटाच्या पुड्यावरही असतो. हे पदार्थ फुलातून बाहेर काढायचे तर फूल कशात तरी भिजवावं लागतं. पाण्यात, इथेनॉलमध्ये, मिथेनॉलमध्ये, ॲसिटोनमध्ये. फूल तेच, तोललेलं वजन तेच, पण भिजवायचं द्रावण बदललं की उतरणारे पदार्थ बदलतात आणि त्यांची ताकदही बदलते. कशात किती, एवढंच मी वर्षानुवर्षं मोजत आलो. फूल तरवडाचं. लोह्याच्या रस्त्याला माळावर ही पिवळी झुडपं कोणी न लावता उगवतात, जनावरंही तोंड लावत नाहीत. फुकट मिळतं म्हणून मी ते निवडलं होतं. पुढं शोधनिबंधात त्याची कारणं वेगळी लिहिली.

अक्काच्या छातीत गाठ निघाली तेव्हा लातूरला ऑपरेशन झालं आणि मग किमो सुरू झाली. त्या लाल औषधाची बाटली टांगली की ती डोळे मिटून घ्यायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाहेरचं काही घ्यायचं नाही. झाडपाला तर अजिबात नाही." मी शेजारीच बसलो होतो. शिकलेला माणूस म्हणून डॉक्टर माझ्याकडं बघून बोलत होते आणि मी मान हलवत होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो तर चुलीवर पातेलं उकळत होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून ती तरवडाच्याच फुलांचा काढा करून पीत होती. माझ्या फुलांचा! तिला कोणी सांगितलं असेल? माझंच नाव घेऊन कोणीतरी सांगितलं होतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर माझ्या कामाची चार ओळींची बातमी आली होती, ती दाजींनी कापून देवळीत ठेवली होती.

तिला काढा बंद कर म्हणायला हवं होतं. डॉक्टरांनी नाही म्हटलंय, एवढं वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मी पातेल्यात डोकावून हसलो.

"अक्का, ह्यात काय उतरत नसतं गं. पाण्यात नुसता रंग येतो. हे म्हणजे धुणं धुतलेलं पाणी पिल्यासारखं आहे."

दाजीही हसले. "म्या म्हनलो व्हतो. रोज सकाळी तोंड वाकडं करून धुन्याचं पानी पिऊन राहिली."

अक्कानं पातेलं उतरवून परसात ओतलं.  मग हात पुसत म्हणाली, "मग तू दे काढून. तुला येतंय ना?"

मला येत होतं. त्या क्षणी मला जे सुख झालं ते मला अजून आठवतं. मोठी बहीण, जिनं मला कडेवर घेऊन शाळेत सोडलं, जी सातवीनंतर शाळेत गेली नाही कारण घरात एकाच्याच शिकण्याची सोय होती, ती माझ्याकडं काहीतरी मागत होती आणि ते फक्त मीच देऊ शकत होतो.

मी वाळलेल्या फुलांची पूड इथेनॉलमध्ये भिजवली. इथेनॉल म्हणजे दारूत जे असतं तेच, फक्त शुद्ध. पूड भिजली, द्रव गाळला, आणि चिनीमातीच्या बशीत घेऊन वाफेवर ठेवला, म्हणजे दारू उडून जाते आणि तळाशी काकवीसारखा घट्ट चिकट अर्क राहतो. तो मी पुन्हा पुन्हा तोलला. वजन कमी व्हायचं थांबलं की समजायचं, उडण्यासारखं काही उरलं नाही. मग सुंठ आणि गूळ घालून गोळ्या वळल्या. एवढ्या काळजीनं मी माझ्या कोणत्याही शोधनिबंधाचा नमुना तयार केला नव्हता.

अक्का माळकरी होती. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं तुळशीची माळ घातली, ती आंघोळीलाही काढली नाही. मांस नाही, कांदा-लसूण चातुर्मासात नाही, आणि दारूचा तर वाससुद्धा नाही. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवायचे तेव्हा ती माळेवर पदर ओढून घ्यायची. हे मी बघितलेलं होतं. गोळ्यांची डबी तिच्या हातात देताना मी म्हणालो, "फुलांचा अर्क आहे. माझ्या पद्धतीनं काढलाय." तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मनाशी म्हणालो, दारू उडून गेली आहे, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहून टाकतो. कर्करोगाची काही औषधं पेशी मारण्यासाठी तेच उपद्रवी कण वापरतात, जे माझा अर्क थोपवतो, असं मी वाचलं होतं. म्हणजे माझ्या गोळ्या तिच्या बाटलीच्या विरुद्ध काम करू शकत होत्या. करतात की नाही, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते.

अक्काची मुलगी, माझी भाची, तेव्हा आमच्याच घरी राहून माझ्याच कॉलेजात बी.एस्सी. करत होती. शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प मीच दिला. तरवडाचं फूल, वेगवेगळी द्रावणं. तपासणी अशी असते की जांभळ्या रंगाच्या एका रसायनात अर्क घालून नळी अंधारात ठेवायची. अर्कात दम असला तर जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. पोरीला ते फार आवडलं. तिनं सगळ्या नळ्या ओळीनं लावून मोबाइलवर फोटो काढला आणि आम्ही दोघं गावी गेलो तेव्हा आईला दाखवायला बसली.

अक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. डोक्यावरचे केस गेले होते, पदर घट्ट गुंडाळलेला.

"हे बघ आई. समद्या नळ्यांत तरवडच हाय. ही पाण्यातली, ही अल्कोहोलमधली, ही ॲसिटोनमधली."

"अल्कोहोल म्हंजी?"

"दारूच की. पर प्यायची नव्हं, लॅबमधली."

"ही जांभळी कोंची?"

"पाण्यातली. पाण्यात न्हाई ना निघत काही. म्हणून तसाच रंग ऱ्हायला. ही दारूतली बघ, कशी पिवळीधमक झाली."

अक्कानं शेंगेतला दाणा सुपात टाकला आणि माझ्याकडं बघितलं.

"मला दिलेल्या गोळ्या ह्यातल्या कोंच्या नळीच्या रं?"

पोरीनं मोबाइल खाली ठेवला. तिला तेव्हाच कळलं. ती प्रयोगशाळेत मला बशीवर वाकलेलं बघत आली होती. दोनच उत्तरं होती. दारूतल्या म्हणालो तर माळ गेली. पाण्यातल्या म्हणालो तर सख्ख्या बहिणीला, तीही अशा दुखण्यात, काही काम न करणारं औषध दिलं असं होणार होतं. आणि पाण्यात काही उतरत नाही, हे तिला मीच तिच्या चुलीपाशी उभं राहून हसत सांगितलं होतं.

"पाण्यातल्या," मी म्हणालो.

"हाव?" तिनं मोबाइल हातात घेऊन त्या जांभळ्या नळीकडं नीट पाहिलं. "म्हंजी मला हे. न बदललेलं."

"अक्का, तसं नसतं—"

"तूच म्हनला व्हतास, धुन्याचं पानी. माझं मी उकळलेलं धुन्याचं पानी आन् तुझ्या कालेजातलं वाळवून गोळ्या केलेलं. त्याला गूळ लावून चारलंस व्हय मला?"

तिला त्या वेळी एक खरी गोष्ट सांगता आली असती, आणि ती सांगायला मी लायक होतो. ते जांभळं रसायन मुळात दारूत विरघळणारं आहे. पाण्यात ते नीट विरघळत नाही, गढूळ होऊन बसतं. म्हणजे ती तपासणीच पाण्यावर अन्याय करते. पाण्यात काही उतरतच नाही, असं त्या नळीवरून कोणी शपथेवर म्हणू शकत नाही. अक्काचा काढा मी हसलो होतो तेवढा निकामी नव्हता. पण हे कबूल केलं असतं तर माझे कितीतरी तक्ते लंगडे पडले असते, आणि ते भाचीसमोर पडले असते. 

अक्कानं आत जाऊन डबी आणली आणि उरलेल्या गोळ्या कोंबड्यांपुढं टाकल्या. कोंबड्यांनी गूळ बघून टिपल्या.

परतीच्या बसमध्ये भाची खिडकीकडं तोंड करून बसली होती. अहमदपूर मागं पडल्यावर म्हणाली, "मामा, त्या पाण्यातल्या नव्हत्या."

"गप बस."

"बसतेच की. आईची माळ हाय म्हनून बसते. तुमच्यासाठी न्हाई."

त्या दिवसापासून ती मला घरातसुद्धा सर म्हणायला लागली.

अक्काची जीभ पहिल्यापासून तिखट. आजारानं ती आणखी धारदार झाली. माझी गोष्ट तिनं सगळ्या भावकीत पसरवली. कोणाच्या लग्नात भेटलो की लांबूनच हाक, "आलं का आमचं पानीवालं?" भाऊबीजेला मला ओवाळलं, आणि ताटात पैसे टाकायच्या आधी म्हणाली, "नोट खरी हाय ना? का नुसता रंग?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दाजींनी मला बाजूला घेऊन समजावलं, "मनावर घेऊ नका. ती तेवढं बोलली की दोन घास जास्त खाती." तेही खरं असावं. माझी फजिती तिच्या तब्येतीला मानवत होती.

मी सहन करत होतो, आणि सहन करण्यात मला मोठेपणा वाटत होता. तिची माळ मी माझी अब्रू देऊन सांभाळतो आहे, असं स्वतःला सांगायचो. कॉलेजात कोणाला न सांगता मनातल्या मनात आणखीही एक सांगायचो, की ती बरी होते आहे, त्यात थोडा वाटा माझ्या बशीचाही असेल. एखाद्या परिसंवादात नाव न घेता तिचा उल्लेख कसा करता येईल, याची वाक्यंसुद्धा मी जुळवली होती.

सगळे डोस संपले. लातूरच्या तपासण्या स्वच्छ आल्या. अक्कानं बारशीला माळकरी जेवू घालायचं ठरवलं. एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी सोडतात, त्या जेवणाला मोठा मान. तिला माळ घालणारे बुवा आले होते, गावातले आणखी काही माळकरी होते. पुरणपोळी, आमटी, भात. ओळीनं पंगत बसली आणि अक्का स्वतः वाढत होती. डोक्यावर बोटभर केस आले होते. फार दिवसांनी ती अशी वावरत होती.

माझ्या पानापाशी आली, तूप वाढता वाढता थांबली आणि मुलीला ओरडून म्हणाली, "ए, मामाला पानी आन आदी. त्याला पान्याचं लई. सख्ख्या भनीला मरनाच्या दारात बी त्यानं पानीच पाजलं."

पंगत हसली. बुवा बोळक्या तोंडानं हसत म्हणाले, "आवो प्रोफेसर, भन बरी झाली ती तुमच्या गोळ्या सोडल्यावर म्हनं!"

पुन्हा हशा. त्यात वाईट काही नव्हतं. बरं झालेलं माणूस, भरलेली पंगत, अशा वेळी लोक हसतातच. पण मला "प्रोफेसर" हा शब्द आणि ते हसणं एकत्र सोसलं नाही.

मी म्हणालो, "पाणी नव्हतं ते. दारूतला अर्क होता."

हे मी खरं सांगायचं म्हणून सांगितलं नाही. मी अडाणी नाही, एवढं त्या पंगतीला कळावं म्हणून सांगितलं. वर्षभर सांभाळलेलं एका वाक्यात टाकून दिलं, तेही पोळीचा घास हातात असताना.

 मग बुवांनी विचारलं, "दारूतला म्हंजी?"

आणि मी शिकवायला लागलो. भिजवणं, गाळणं, वाफेवर उडवणं, वजन थांबेपर्यंत तोलणं. वर्गात बोलतो तसा स्पष्ट आवाज लागला होता. "शेवटी दारू शून्य राहते," मी म्हणालो. "एक थेंबसुद्धा नाही."

अक्का तुपाचं भांडं हातात घेऊन उभी होती.

"उडून कुठं गेली?"

"हवेत."

"आन् जे मागं ऱ्हायलं, ते फुलातून कुनी काढलं?"

"दारूनं."

"मग तिचंच काढलेलं खाल्लं की म्या."

  तिनं आणखी एक विचारलं, आवाज अगदी खाली आणून. "म्हंजी दवा खरी व्हती? त्यानं बरी झाले म्या?"

"नाही. तू दवाखान्यानं बरी झालीस. ह्याचा माणसाला काही उपयोग होतो की नाही, मला माहीत नाही. नळीत होतो."

"मग दिलंस कशाला?"

पोरीनं डोळे खाली घातले होते. दाजी मागच्या दारात उभे होते.  अक्कानं तुपाचं भांडं मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू वाढ. माझ्या हातचं ह्यांना चालायचं न्हाई आता." बुवा "अगं बाई, अगं बाई" म्हणेपर्यंत ती आत गेली. तिनं माळ काढून विठोबाच्या फोटोपुढं ठेवली आणि मोरीत जाऊन हात धुतले. बाहेर आम्ही जेवलो. पानावरून उठणं बुवांना योग्य वाटलं नाही, म्हणून सगळे जेवले, आणि मीही जेवलो.

बुवांनी नंतर तिला समजावलं. नकळत घडलं, दोष नाही, एखादा उपास कर आणि माझ्या हातानं पुन्हा घाल. अक्का म्हणाली, "नकळत म्या केलं, पर कळून त्यानं केलं. थेंब ऱ्हायला नव्हता म्हनतोय. ऱ्हायला नसंल तर घालीन. पर ह्याचं खरं कसं धरू? पाण्यातलं म्हनला तवा बी असाच सरळ तोंडानं म्हनला व्हता."

इथंच सगळं अडलं आहे. तिला एकच गोष्ट हवी आहे, की त्या गोळ्यांत दारू उरली नव्हती याची खात्री. ती खात्री जगात फक्त मी देऊ शकतो. माझ्याजवळ तोललेली वजनं आहेत, मी खोटं बोलत नाही. मी तिला कितीदा सांगितलं. एकदा तर बशी, इथेनॉल, तराजू सगळं घेऊन जाऊन तिच्या ओसरीवर करून दाखवतो म्हणालो. ती म्हणाली, "आन. तराजू बी तूच वाचनार ना?"

ती सगळे नेम पाळते. एकादशी करते, मांस खात नाही, काकड्याला जाते आणि देवळात मागं, खांबापाशी बसते. तिचा हात अजून बोलता बोलता गळ्याकडं जातो आणि रिकामाच खाली येतो. मला ती टाकून बोलत नाही. पानीवालं म्हणणंही बंद केलं. टोमणे बंद झाल्यापासून मला तिच्या घरी बसवत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीसाठी तिला लातूरला मीच घेऊन गेलो. दाजींची कंबर धरली होती. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी अशक्तपणासाठी एक पातळ औषध लिहून दिलं. दवाखान्याखालच्या मेडिकलमधून मी ते घेतलं आणि बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती परत माझ्यापुढं धरली.

"वाच. कशात केलंय?"

मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. लोह, जीवनसत्त्वं, साखरेचा पाक, रंग. सगळं मराठीत करून सांगितलं. "दारू नाही, अक्का. पाण्यातलं आहे."

तिनं मान हलवली, बाटली माझ्या हातातून घेतली, पदर सावरला आणि दुकानाची पायरी पुन्हा चढली. काउंटरवरच्या माणसापुढं बाटली ठेवून म्हणाली, "दादा, ह्यात काय काय हाय, जरा वाचून सांगता का? माझ्यासंग वाचनारं कुनी न्हाई."

त्यानं वाचलं. मी खाली रस्त्यावर उभा राहून ऐकलं. तेच सगळं, त्याच क्रमानं. ती "बरं" म्हणाली आणि बाटली पिशवीत ठेवली.